सुतळीचं माप

आमच्या शहरातल्या कंपू भागात एका जुन्या दरबारी चित्रकाराचं संग्रहालय होतं. तिथला चौकीदार चित्रांबद्दल एक अक्षर बोलत नसे. प्रत्येक चित्रापुढे माणसाला दंडाला धरून मागे मात्र नेई. मलाही दर खेपेला न्यायचा.

"इथून बघा, भाऊसाहेब. पास से नुसता रंग दिसतो."

मध्यभारत राज्य मोडलं आणि चित्रं भोपाळला न्यायचा हुकूम आला. खोकी भरायच्या दिवशी गेलो, तर हा प्रत्येक चौकटीला सुतळी बांधत होता, कुठे लांब, कुठे आखूड.

"हे कशाला?"

"तिकडच्यांना कळायला नको का, किती मागे उभं राहायचं ते?"

शेवटच्या चित्राची सुतळी ताणली जाईपर्यंत तो मागे गेला आणि टोक धरून बघत राहिला. हमाल खोकं उघडून थांबले होते.