मामांचा अर्धा गुडघा

आमच्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटरमामांना खुर्चीवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. चहा असो, डबा असो, पंपाचं बेअरिंग बसवायचं असो, मामा आपले उकिडवे. साहेबांनी बोलावलं तर केबिनमध्येही भिंतीला टेकून तसेच. म्हणायचे, "खुर्चीत माणूस जड होतो." बाहत्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडताना ही बैठक अंगात मुरली, असं मामी सांगायच्या. पुढं कळंब भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि मामांच्या हातात हातोड्याऐवजी पाना आला.

एका गळीत हंगामात शिडी निसटली आणि मामा लोखंडी पट्टीवर उजव्या गुडघ्यानं आदळले. त्यानंतर काही वर्षं ते लंगडतच कामावर आले. गुडघ्याची आतली बाजू झिजत गेली. शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरांनी तेवढीच बाजू बदलली. आमच्याकडं तेव्हा असलं कुणी ऐकलंही नव्हतं. "निम्मा माझा, निम्मा पुण्याचा," असं म्हणत मामा पायजमा वर करून टाके दाखवायचे.

भरपाईचा दावा सुनावणीला आला, तेव्हा पैशासाठी मामा नाटक करतात अशी कारखान्यात कुजबुज होती. आणि मामांचे वकील त्यांना कचेरीच्या दारातच बजावत होते, "आत जाताना जरा लंगडत चला." मी साक्षीला सोबत होतो. मामा ताठ चालत आत गेले. वकिलांनी कपाळाला हात लावला.

कारखान्याचे वकील लगेच उठले. "साहेब, माणूस ठणठणीत चालतोय. नुकसान कसलं?"

सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी मामांना विचारलं, "चालता येतं ना?"

"येतं की साहेब. खोटं कशाला बोलू? डॉक्टरनं चालणं दिलं, पण बसणं गेलं. अन् माझं समदं काम खाली बसून हाय."

"बसून दाखवा."

मामा टेबलाला धरून वाकले. गुडघा निम्म्यात अडला. कपाळावर घाम आला, तरी ते जोर लावत राहिले. मला बघवेना, मी मान वळवली. "पुरे, पुरे," म्हणत अधिकारीच उठले.

दावा मंजूर झाला. मामांना स्टोअरमध्ये काम मिळालं. कुजबुज करणारेच आता खुर्ची पुढं करू लागले. मामा बसायचे, पण परक्याच्या घरी बसावं तसे, कडेला. वर्कशॉपमधून पंपाची घरघर आली की म्हणायचे, "बेअरिंग रडतंय."

एकदा मी म्हटलं, "मामा, त्या दिवशी थोडं लंगडला असतात, तर तो ताप वाचला असता."

"लंगडलो असतो तर जन्मभर लंगडावं लागलं असतं," मामा म्हणाले. "गाव बघतंय की."

ते निवृत्त झाल्यावर मी त्यांना भेटायला कळंबशेजारच्या वाशीजवळ त्यांच्या गावी गेलो होतो. मामींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना मामा सडकेपर्यंत पोचवायला आले. ते पुढं, मी धापा टाकत मागं. एसटीत बसून खिडकीतून पाहिलं, तर ते बांधावरून माघारी निघालेसुद्धा होते, झपाझप. हाक मारावीशी वाटली, तोवर गाडी सुटली. त्याच हिवाळ्यात मामा गेले. आठवण निघाली की मला त्यांचा चेहरा नाही, बांधावरून दूर जाणारी ती ताठ पाठच दिसते.