वर्गातलं गाऱ्हाणं

माझा राग नाकाच्या शेंड्यावर आणि विषय गणित. या दोन गोष्टींच्या जोरावर मालवण तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी बावीस वर्षं काढली. शंका विचारा, असं मुलांना रोज सांगायचो. कोणी उभं राहिलं की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "मघाशी लक्ष कुठे होतं?" म्हणून खाली बसवायचो. याला मी शिस्त म्हणत असे.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एकजण गावाची अडचण देवापुढे मोठ्याने मांडतो आणि वाक्यावाक्याला बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. त्याचं सांगून होईपर्यंत कोणी मध्ये तोंड घालत नाही.

गेल्या वर्षी मधल्या सुट्टीत, विसरलेला चष्मा आणायला दहावीच्या वर्गाकडे परतलो, तर आतून तेच ऐकू आलं. एक मुलगी माझ्या टेबलासमोर हात जोडून उभी होती.

"बा देवा म्हाराजा! गणित आमका कळणा नाय, इचारूक गेल्यार सर अर्ध्यात तोडतत!"

"होय म्हाराजा!" वर्ग ओरडला.

"तेंका आमचा पुरा आयकान घेवची बुद्धी दी रे म्हाराजा!"

या वेळी 'होय' आलं नाही, कारण मी दारात दिसलो होतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरच्या माणसाला आणल्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही, असं सुनावून मी तिला बाहेर काढलं. आठ दिवस ती फिरकली नाही. सराव परीक्षा तोंडावर आलेली, गणितात ती काठावरची. आणखी थोडे दिवस गेले तर तिचं वर्ष बुडणार हे मला ठाऊक होतं. तरी मी निरोप धाडला नाही. तेव्हा मी वाईटच वागलो.

नवव्या दिवशी तिचे आजोबा आले. गावचं गाऱ्हाणं घालतात ते हेच. मुलगी त्यांच्या मागे मान खाली घालून उभी होती.

"मास्तरानू, पोरीन गाऱ्हाण्याची मस्करी केल्यान ता तेचा चुकला. तेचा मी बघतलंय," ते म्हणाले. "पण घातल्यान ता खोटा होता काय? गाऱ्हाण्यात खोटा घालूचा नसता."

ते उत्तरासाठी थांबले. शांतपणे, घाई न करता थांबले. मला लाज वाटली.

"खोटं नव्हतं," मी म्हणालो.

पुढच्या तासाला ती मागच्या बाकावर बसली होती. मी पुस्तक मिटलं आणि त्याच टेबलासमोर हात जोडले. वर्गात मी मालवणी कधी बोलत नसे.

"बा देवा म्हाराजा, ह्या मास्तरान पोरांचा कधी पुरा आयकला नाय. तेची चूक झाली रे म्हाराजा!"

कोणी 'होय' म्हणेना. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. मग मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, "होय म्हाराजा."

वर्ग हसला, मीही हसलो. ती मात्र उभी राहिली.

"सर, त्रिकोणमितीचा पयला उदाहरण... ता माका..."

इथे ती अडखळली. पहिलंच उदाहरण! 'मघाशी लक्ष कुठे होतं' अगदी जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं आणि ती पुढचं बोलेपर्यंत थांबलो.