थोरल्याचे अक्षर

वारसाचे फॉर्म वाटले त्या आठवड्यात आमच्या खात्यातली दौत सुकून गेली. लिहायला कोणी तयारच नव्हते.

पिंपरीच्या माळावर बाटल्यांचा कारखाना नुकता उभा राहिला होता. मी तिथे मोजणीला होतो आणि युनियनची पत्रके लिहीत होतो. प्रॉव्हिडंट फंड पगारातून कापला जाऊ लागला होता, तेवढीच भर मालकाने घालायची होती, आणि पंचावन्नाव्या वर्षी ते सगळे कामगाराच्या हातात पडायचे होते. पण फॉर्मवर एक ओळ होती : ‘सभासदाच्या मृत्यूनंतर रक्कम कोणास द्यावी?’ त्या ओळीशी आले की माणसे कागद पालथा घालीत.

“जित्या माणसाला मेल्यावरचं इचारत्यात. अभद्र हाय ह्ये, राव.”

“आन् पंचावन्न कुनी बगितलंय? आमचा बा चाळिशीत ग्येला. फंड घ्यायला काय भूत जानार?”

हसत सगळे, आणि माझे डोके तापे. ज्या घरात मी वाढलो तिथे भाकरीसुद्धा पत्रकात गुंडाळून मिळे. सुखाचे म्हातारपण फक्त सावकाराने आणि पेन्शनवाल्या साहेबाने भोगायचे, आणि आम्ही मात्र हात थरथरू लागले की कोणाच्या तरी ओट्यावर बसून तुकड्याची वाट बघायची? मी रागारागात पत्रक लिहिले. हात चालतो आहे तोवरच म्हातारपणाची सोय लावा, असे त्यात होते. शेवटची ओळ होती : ‘खरे नाव, खरे वय, खरा वारस लिहा.’ तिन्ही ‘खरे’ मी हट्टाने जाड ठशात छापून घेतले.

दौतीत नवी शाई आली. फॉर्म भरले जाऊ लागले. एकच कोरा राहिला, आणि तो नेमका आमच्या खात्यातल्या सर्वांत सुरेख अक्षराच्या माणसाचा.

तो मोशीचा होता. दिसायला तिशीच्या आतला, कागदावर पस्तिशीला टेकलेला. खोक्यांवर नावे आणि नंबर टाकायचे काम त्याच्याकडे होते. प्रत्येक शब्दाच्या शेवटी तो शिरोरेघ किंचित खाली वळवी, दाराला कडी घालावी तशी. मी त्याला दादा म्हणत असे.

“दादा, तुमचाच फॉर्म राहिला.”

त्याने हातातले खोके पुरे केले. मग म्हणाला, “तुमीच या रविवारी घरी. बायामानसांम्होरं वाचून दावा. माझ्यानं न्हाई व्हायचं.”

भोसरीवरून सायकल मारीत मी भर दुपारी मोशीला पोचलो. उन्हाने वाट पांढरी पडली होती आणि वारा अगदी थांबला होता. दोन खणांचे घर. चुलीपाशी त्याची बायको भाकरी थापत होती. त्याच्या थोरल्या भावाची बायको, वहिनी, भिंतीला टेकून बसली होती. तिच्या कपाळावर ताजे, मोठे कुंकू होते.

तीन ताटे वाढली होती. एक माझे, एक त्याचे. तिसऱ्यावर कोणी येईल म्हणून मी थांबलो, तर तो म्हणाला, “तुमी जेवा.” आम्ही जेवलो. तिसऱ्या ताटातली भाकरी तशीच निवत राहिली. वहिनी पदराने त्यावरच्या माश्या वारीत होती.

“भोंगा झाला,” ती एकाएकी म्हणाली. “येतीलच आता.”

मी कान दिला. काहीच ऐकू येत नव्हते. शिवाय तो रविवार होता. कारखाना बंद होता. चुलीपाशी भाकरीची थापथाप थांबली होती. ती पुन्हा सुरू झाली तेव्हा मला बरे वाटले.

वहिनीचा नवरा कुठेतरी कामाला असेल, असे मी धरून चाललो. जेवण झाल्यावर कागद काढला आणि पहिलीच ओळ मोठ्याने वाचली : सभासदाचे नाव. पुढे आमच्या कारखान्याला ठाऊक असलेले दादाचे पूर्ण नाव.

आमच्याकडे नवऱ्याचे नाव कानावर पडले की बाई पदर सावरते. हे कोणी शिकवत नाही, हात आपोआप जातो. मी नाव वाचले, आणि पदर सावरला तो वहिनीने. डोक्यावरून पुढे ओढून तिने मान खाली घातली, गालात हसली. आणि दादाची बायको, जिने सावरायला हवा होता, ती चुलीतला जाळ मागे ओढीत राहिली.

तरी मी पुढची ओळ वाचून गेलो : सभासदाच्या मृत्यूनंतर...

“मराया काय झालंय त्यास्नी?” वहिनी म्हणाली. “म्हयन्याच्या म्हयन्याला पगार आनत्यात.”

दादा उठला. मीही त्याच्यामागे बाहेर पडलो. घरामागच्या बाभळीखाली तो उकिडवा बसला आणि जमिनीकडे बघत बोलला.

“त्ये नाव माजं न्हाई. थोरल्याचं हाय. तापात ग्येला, चार वर्सं झाली. सातवी पास व्हता त्यो. मी तिसरीतनं शाळा सोडल्याली. कंपनीला सातवीचा दाखला पायजे व्हता. दाखला पेटीत पडला व्हता. त्येला आता काय कामाचा, म्हून घिऊन ग्येलो.”

“आणि अक्षर?”

“त्येच्या वह्या गिरवल्या. आख्खा पावसाळा. आदी जड जायचं, मंग हात आपसूक पळाया लागला. येक दिस बाजाराची यादी लिवून फळीवर ठिवली. वैनीनं वाचली. अक्षर वळाकलं तिनं. काय बोलली न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी कुकू लावून आली.”

खिशात माझे पत्रक होते, तीन जाड ठसे असलेले.

“आता सांगा,” तो म्हणाला, “वारस म्हून बायकूचं नाव लिवलं, तर ती कागदावर थोरल्याची बायकू झाली. वैनीचं लिवलं, तर माझी बायकू म्हातारपनी उगडी पडली. खरं सांगितलं तर नोकरीच ग्येली. घाम माजा, आन् साठतंय त्येच्या नावावर. पंचावन्न बी त्येलाच आदी लागनार, सा वर्सं आदी. मेलेला मानूस म्हातारा व्हत चाललाय, राव. मी कुटं हाय त्येच्यात?”



उत्तर दिले ते त्याच्या बायकोने. पाण्याचा तांब्या घेऊन ती केव्हा येऊन उभी राहिली, आम्हाला कळले नव्हते.

“भाऊ, थोरल्यांचा फंड थोरल्यांच्या बायकूला. तसंच लिवा. तिला तरी दुसरं कोन हाय? आन् ह्यांचं म्हातारपन ह्यांच्या सोताच्या नावानं येगळं ठिवा. आसं कुटं ठिवत्यात?”

“पोस्टात,” मी म्हणालो.

“मंग उद्याच न्या ह्यास्नी. मी कोंबड्या इकून भर घालीन. आदी ह्यांचं नाव कुटंतरी लागू द्या. घरात बी आता कुनी घेत न्हाई त्ये.”

सोमवारी पहिली पाळी सुटल्यावर त्याने फॉर्म भरला. वारस : वहिनी. नाते : पत्नी. त्या कागदावरचे एकही अक्षर खोटे नव्हते. फक्त लिहिणारा तिथे नव्हता. साक्षीदार म्हणून सही मी केली.

तिथून आम्ही पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाबूने नाव विचारले. दादाने आपले खरे नाव सांगितले, इतक्या हळू की बाबूला दोनदा विचारावे लागले. मीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकले.

“सही करा.”

त्याने टाक बुडवला. हात सरसर चालला. शेवटी शिरोरेघ खाली वळली.

“अहो, हे कोणाचे नाव लिहिलेत?” बाबू म्हणाला.

कागद फाडला. दुसरा दिला. दादाने दम खाल्ला, टाक टेकवला, आणि पुन्हा तेच नाव उमटले, तेच सुरेख वळण. बाबूने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. तिसऱ्या कागदावर दादाने डाव्या हाताने उजवे मनगट धरून ठेवले. टाक एका जागी थांबला. त्याखाली शाईचा डाग पसरत गेला.

“माजं कसं लिवत्यात?” त्याने मला विचारले.

मी पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर त्याचे नाव ठळक लिहून त्याच्यापुढे धरले. त्याने ते वाचले, ओठ हलवून, पुन्हा पुन्हा. हात हलला नाही.

मागे रांग वाढली होती. कोणीतरी म्हणाले, “आवरा की, भावा.”

बाबूने शाईचा पॅड पुढे सरकवला. “अंगठा चालेल. डावा. साक्षीला हे आहेत ना?”

डाव्या हाताने थोरल्याचे काही कधी गिरवले नव्हते. दादाने अंगठा पॅडवर दाबला, कागदावर टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही. मग त्या ठशाकडे वाकून बघत त्याने बाबूला विचारले,

“ह्यो तरी माजाच हाय न्हवं?”

बाबूने शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली.