ठरलेलं शिलाई मशीन

मंडळी, ऑनलाइन काही विकायला काढलं की "नक्की येतो" म्हणणारे गायब होतात, म्हणून आज सकाळी माझं डोकं फिरलेलं.

जुनं शिलाई मशीन सुरगाण्याच्या एका बाईंना फोनवर कबूल केलं होतं. आज सकाळी त्या न्यायला येणार होत्या, पण त्यांचा फोनच लागेना. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक जास्त पैसे घेऊन दारात. नवरा म्हणाला, "देऊन टाक, ती कसली येतेय!"

मी चिडूनच म्हटलं, "ठरलंय म्हणजे ठरलंय."

दुपारी बाई आल्या. "जीपच भरंना, ताई. भरल्याबिगर सोडत नाय." पिशवीतून हळद-कुंकू काढून त्यांनी आधी मशीनला लावलं. मग म्हणाल्या, "गावात एक जण यापेक्षा लय स्वस्तात देत होता. म्हटलं नाय, तिकडं ताई वाट बघत असतील."

आम्ही दोघीच वेड्या, की तुमच्यातही आहे कोणी?