खानदानी तोंड

नीलेशचं तोंड उघडेना. चोवीस वर्षांचा तरणाबांड पोरगा, आणि माझा छोटा आरसासुद्धा त्याच्या दातांत अडकत होता. धानाच्या मुलखातल्या आमच्या गोरेगावात दातांचा दवाखाना चालवायचा म्हणजे हे रोजचंच.

निरोगी तोंडात आपली तीन बोटं उभी मावतात. नीलेशचं जेमतेम दीड बोट जात होतं. गाल आतून पांढरट, कडक. याला आम्ही फायब्रोसिस म्हणतो. कारण त्याचा रोजचा खर्रा. खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून केलेला भुगा. त्यातल्या सुपारीने गालाचं अस्तर आवळत जातं. मी स्पष्टच सांगितलं, "आज सोडलास तर इंजेक्शनं आणि व्यायामाने तोंड वाचेल. नाही तर बंद होईल. काहींना पुढे कॅन्सरही होतो."

नीलेशचा चेहरा उतरला. सोबत आलेले आजोबा मात्र निवांत होते. "त्याले कायले भेवाडता, बाई? आमच्या घरान्यात सगळ्याइचं तोंड बारीकच रायते. माह्या बापाचं तसंच, माहं तसंच. खानदानी आहे."

"तुमची बोटं घाला बरं."

एकच गेलं. "पाहा, म्हनलो ना?" म्हातारा खूश. माझं डोकंच फिरलं. हा माणूस दुखणं घराण्याचा मान म्हणून मिरवत होता.

दाढ दाखवायला नीलेशची आत्याही आली होती, आजोबांची लेक. मी म्हटलं, "आत्याबाई, आता तुम्ही." तिची तीन बोटं सहज गेली, वर जागा उरली.

"लेक तुमचीच ना, आजोबा? मग खानदानी तोंड हिला काऊन नाही मिळालं?"

उत्तर आत्यानेच दिलं, "बाबा, तुमी आमाले खर्रा खाऊ कुठं देत होते? घोटाले तेवढं लावत."

आजोबांनी खिशातली पन्नी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "याले पयला खर्रा मीच देल्लो. धानकापनीत, भूक लागू नाही मनून." त्यांचे डोळे भरले होते.

"मग तो एकटा कसा सोडेल?" मी विचारलं.

"मी सोडलो," ते म्हणाले.

आणि खरंच सोडला. रोज सकाळी आजा-नातू अंगणात आ वासून व्यायामाला बसत. घरात पन्नी येणं बंद. खर्रा पुढे करणाऱ्या पाहुण्यालाही म्हाताऱ्याने फैलावर घेतलं. नीलेशने एकही इंजेक्शन चुकवलं नाही.

काही महिन्यांनी त्याने माझ्यासमोर तीन बोटं घातली. तिसरं जरा रेटावं लागलं, पण गेलं. मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. आजोबांचं स्वतःचं तोंड फारसं सुधारलं नव्हतं, जुनं आवळलेलं सुटत नाही. तरी छाती फुगवून म्हणाले, "पोरगा आत्यावर गेला."

आता खर्ऱ्याचा पेशंट एकटा आला तर तपासते, आणि पुढच्या वेळी सगळं घर घेऊन ये म्हणते. बाहेर बाकडी कमी पडतात.