मटकीच्या डब्याची जागा

लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत आमच्या अंथरुणात तिसरं कुणीतरी आलं. पितळेचा, झाकणाचा, माझ्या बरगडीला टोचणारा एक डबा.

छावणीतल्या भाड्याच्या दोन खोल्या. फरशी अशी गार, की पाय टेकवत नसे. बायको सकाळी मटकी भिजत घालायची, संध्याकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधायची, पुरचुंडी डब्यात ठेवायची आणि डब्याभोवती गुंडाळायला घ्यायची माझा मफलर. त्याच मफलरसाठी मी क्रांती चौकात दुकानदाराशी चांगलीच हुज्जत घातली होती. मग तो डबा आम्हा दोघांच्या मधोमध.

"अगं, हे काय?"

"थंडीत मोड येत नायत. अंगाची ऊब लागती तिला."

"आणि मला?"

ती हसली, पण डबा हलवला नाही. कूस बदलताना तिचा हात आधी डब्याकडे जायचा, झाकण नीट आहे का बघायला. मटकीवर जळणारा नवरा अख्ख्या छावणीत मी एकटाच असेन.

पुढे कळलं, की जळायला मटकीपेक्षा मोठं माणूस आहे. तिचे वडील अजिंठ्याजवळच्या खेड्यात शेती करत. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. "आबांच्या घोंगडीत एका कुशीला मी आन् एका कुशीला डबा," ती सांगायची. "आबांच्या उबीला एवढाले मोड यायचे!" आणि बोटाचं पेर दाखवायची. आमच्याकडचे मोड त्याच्या निम्मेसुद्धा नसत. उसळ वाढताना दर वेळी आबा. पगार मी आणतो, गजरा मी आणतो, आणि कौतुक कुणाचं, तर घोंगडीतल्या म्हाताऱ्याचं!

पौषात सासरे डोळे दाखवायला शहरात आले. बाहेरच्या खोलीत त्यांचं अंथरूण घातलं. बायकोनं आमच्यामधला डबा उचलला, माझा मफलर सोडून माझ्याकडे टाकला आणि डबा त्यांच्या घोंगडीत नेऊन ठेवला. सबंध हिवाळा मला तो डबा नको होता. गेला, तेव्हा मात्र कुणी माझ्या ताटातलं उचलून नेल्यासारखं वाटलं.

सकाळी झाकण उघडलं तर मोड पेराएवढे. "बघा!" ती म्हणाली. इतकी खूश मी तिला लग्नातही पाहिली नव्हती. मी दोन वाट्या उसळ खाल्ली आणि म्हणालो, "जरा मऊच लागतेय."

ते परत निघाले तेव्हा मी स्टँडवर सोडायला गेलो. एसटीत चढता चढता थांबले.

"जावईबापू, एक बोलू का? लेक दिली तवा मन घट्ट केलं. पर डबा बी संगं घिऊन गेली, तवा लई पोटात दुखलं. थंडीत एक बी कूस गरम राहिना. वरीसभर जळलो बघा तुमच्यावर."

"मामा, पुढच्या थंडीत या की," मी म्हणालो. खरं सांगतो, एसटी हलली तेव्हा मी आनंदात होतो. हा माणूस माझ्यावर जळत होता, म्हणजे जळावं असं काहीतरी माझ्याजवळ होतं.

पुढची थंडी त्यांनी पाहिली नाही. त्या हिवाळ्यात आमच्याकडे मटकी भिजली नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तिनं डबा आणला, पण मधे ठेवला नाही. माझ्या पलीकडच्या बाजूला ठेवला.

"आता तुम्ही घ्या."

एका कुशीला ती, एका कुशीला डबा. तो कलंडू नये म्हणून मी हललो नाही. सकाळी तिनं झाकण उघडलं. मी मोडांकडे बघितलंच नाही, तिच्या तोंडाकडे बघत होतो.

"आलेत," ती म्हणाली. मग पुरचुंडी पुन्हा बांधत, "आबांएवढे नायत."

याला आता कैक वर्षं झाली. सुनेनं मोड आणायला जाळीचा डबा आणलाय. तो उन्हाळ्यात चालतो. थंडीत पितळेचा डबा माझ्याच कुशीला येतो. मामांचं तेव्हाचं वय मी कधीच ओलांडलं, तरी झाकण उघडताना मी तिच्या तोंडाकडेच बघतो. ती मोडाला बोटाचं पेर लावून बघते आणि नाही म्हणून मान हलवते. मग मी, त्या गेलेल्या माणसावर मनातल्या मनात जळत, तिला म्हणतो, "उद्या परत भिजव."