सातव्या पायरीची फळी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे मी नम्रपणे वगैरे सांगत नाहीये... ठणकावून सांगतेय. माझे वडील, आप्पा, निपाणीत अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं छापायचे. मी अक्षरं शिकले तीच त्यांच्या पत्रकांवर. त्यामुळे हे वाचून कुणी ताईत सुचवू नये. आधीच डोकं फिरलंय.

घर बेळगावात, टिळकवाडीत. आतला जिना लाकडी, दोन्ही बाजूंना भिंत, पायऱ्यांवर आप्पांच्या वेळचं कार्पेट. ते झिजून सुटलं होतं. गेल्या महिन्यात आई सातव्या पायरीवरून घसरली आणि मनगट मोडून घेतलं. मी म्हटलं बास! कार्पेट काढायचं, प्रत्येक पायरीला सागवानाची नवी फळी.

सदलग्याहून बाळू मेस्त्री आले. आल्या आल्या नारळ मागितला.

"आमच्यात फोडत नाहीत."

"बरं आक्का. जिना तुमचा."

एक जुनी फळी काढायची, माप घ्यायचं, नवी बसवायची... बारापर्यंत सहा चोख बसल्या. तेवढ्यात आई, हात प्लास्टरमध्ये, मिरच्या बघायला गच्चीवर गेली. मेस्त्रींनी सातवी उखडली. आणि नवी बसेना.

मेस्त्रींनी ती थोडी कापली. बसेना. अजून कापली. टेप लावला तर फळी भिंतीपासून दोन बोटं आखूड – तरी खाली जाईना! मी स्वतः तीनदा मोजलं.

"ह्यो काय परकार म्हनायचा? टेप म्हनतो आखूड, फळी म्हनती लांब," मेस्त्री कपाळ पुसत म्हणाले. "नारळ..."

"नारळाचं नाव काढू नका!"

आई आठव्या पायरीवर येऊन उभी राहिली. "अगं, तिथं तुझे आप्पा बसायचे."

ते खरं होतं. आप्पा सातव्या पायरीवर बसून प्रुफं तपासायचे, आणि जिन्यावरून जाणाऱ्याला एक परिच्छेद ऐकवल्याशिवाय सोडायचे नाहीत.

"एक परिच्छेद म्हण. त्याबिगर वाट द्यायचे न्हाईत ते."

"आई, काहीही काय! आप्पांची बायको ना तू?"

"व्हय, म्हनूनच सांगतोय. न्हायतर मी येतो टांग टाकून. माझी गोळी खाली हाय," आई म्हणाली.

आणि तिनं खरंच साडी वर खोचून पाय पुढे टाकला. एक हात गळ्यात, धरायला कठडा नाही, उघड्या पायरीखाली थेट अडगळीची खोली. मी एका दमात ओरडले, आप्पांच्या पत्रकातलं पाठ होतं तेच – "मेलेला माणूस कुणाची वाट अडवत नाही. वाट अडवते ती आपली भीती. ती भीती आधी—"

ठक्.

मेस्त्रींनी धरलेली फळी बसली. दोन्हीकडे नखभरही फट नाही. आईनं तिच्यावर पाय दिला आणि सावकाश उतरून आली.

"नारळात भागलं असतं की, आक्का," मेस्त्री म्हणाले.

लाकूड फुगलं, असं सांगणारे भेटले. पाच मिनिटांत दोन बोटं फुगणारा साग मला एकदा दाखवाच. टेप बदलून पाहिला, दुसऱ्या मेस्त्रीला विचारलं... कारण सापडत नाही.

आई आता त्या जिन्यावर बिनधास्त चढ-उतार करते. मी मात्र सातवीवर रोज चिडते. तिथं आप्पा असतील, तर त्यांचं पत्रक खोटं. आणि नसतील... तर मी ते त्या दिवशी कुणाला म्हणून दाखवलं?